बर्फाखालचा श्वास

किल्लारीचा भूकंप म्हटलं की आपल्या जिल्ह्यातली जुनी माणसं आजही मातीबद्दल बोलतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सास्तूर परिसरात जाड भिंती आणि माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. मार लागून माणसं गेली, तशी गुदमरूनही गेली.

हिमस्खलनात शरीराचं जवळपास हेच होतं. थंडीने मरण येतं हा समज चुकीचा; बहुतेक जण गुदमरतात. भुसभुशीत बर्फ घसरून थांबला की घट्ट बसतो, हात हलत नाही. उच्छ्वासाची वाफ तोंडाभोवती गोठून कवच धरते आणि स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड परत आत जातो.

स्वित्झर्लंडमधल्या घटनांचा अभ्यास १९९४ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. १५ मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे ९२ टक्के जगले. ३५ मिनिटांनी हे प्रमाण ३० टक्क्यांवर आलं. ही १५ मिनिटांची मुदत नव्या अभ्यासात १० मिनिटांवर आली आहे.

मग लान्सनायक हणमंतप्पा? धारवाड जिल्ह्यातला हा जवान ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचेनमध्ये गाडला गेला आणि पाच दिवसांनी जिवंत सापडला. त्याच्याभोवती हवेची पोकळी राहिली होती. आपल्या भूकंपातही लातूर जिल्ह्यात पलंगाखालच्या पोकळीत एक लहान मूल चार दिवसांहून जास्त तगलं होतं. पण हणमंतप्पाचे नऊ सोबती गेले, आणि ११ फेब्रुवारीला अवयव निकामी होऊन तोही गेला. चमत्कारावर कोणी सहलीचा बेत आखू नये.

हे आज लिहायचं कारण, आपल्याकडची मुलं आता गुलमर्गला स्कीइंगला जातात. तिथे ८ फेब्रुवारी २०१० ला सैन्याच्या प्रशिक्षणात १७ जवान गेले; २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन स्कीअर. आखलेली वाट सोडून ताज्या बर्फात उतरण्याचा मोह होतो, आणि नवा बर्फ पडल्यानंतरचे एकदोन दिवसच जास्त धोक्याचे. ३० ते ४५ अंशांचा उतार सर्वांत वाईट. घसरण बहुधा तिथे गेलेल्या माणसाच्या वजनानेच सुटते.

मदतपथक दहा मिनिटांत पोहोचत नाही, सोबतीच वाचवतात. म्हणून प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर, शोधायची सळई आणि फावडं हवं. माणूस सापडला की आधी चेहरा आणि छाती मोकळी करा, तोंडातला बर्फ काढा. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा.