डाउन सिंड्रोम : जनुकांची मात्रा आणि मेंदूची घडण

डाउन सिंड्रोम : एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असल्यामुळे उद्भवणारी जन्मजात स्थिती. जॉन लँग्डन डाउन या इंग्लिश वैद्याने १८६६ मध्ये तिचे वर्णन केले. जादा गुणसूत्राचा शोध १९५९ मध्ये पॅरिसमध्ये लागला. त्याचे श्रेय दीर्घकाळ मुख्यतः जेरोम लझन यांच्या नावावर जमा होते, पण प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचे खरे किचकट काम मार्थ गोतिए यांनी केले होते. सुमारे ९५ टक्के व्यक्तींत हे गुणसूत्र सुटे आणि पूर्ण असते. उरलेल्यांत ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेले असते किंवा शरीरातल्या काही पेशींतच आढळते. या स्थितीला सर्रास ‘जनुकांतला बिघाड’ म्हणतात, ते नेमके नाही. जादा प्रतीतली जनुके धडधाकट असतात आणि त्यांतून बनणारी प्रथिनेही. चुकते ते माप. मीठ चांगलेच असते, पण दीडपट पडते. तेही सगळीकडे सारखे नाही, कारण काही जनुकांची जादा मात्रा पेशी स्वतःच आवरती घेते.

या वाढीव मापाचा परिणाम गर्भावस्थेपासूनच दिसतो. चेतापेशी कमी तयार होतात, मेंदू एकूणच लहान राहतो आणि अनुमस्तिष्क (म्हणजे ‘लहान मेंदू’), स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस व कपाळामागचा भाग यांत ही घट अधिक ठळक असते. एकविसाव्या गुणसूत्रावर प्रथिने घडवणारी दोनशेहून अधिक जनुके आहेत. त्यांपैकी डीवायआरके१ए या जनुकावर संशोधकांचा डोळा सर्वांत जास्त. फळमाशीतल्या त्याच्या भावंडाचे नावच ‘मिनीब्रेन’, कारण ते बिघडले की माशीचा मेंदू छोटा राहतो. माणसात या जनुकाची एक प्रत निकामी असली तर डोके लहान राहते आणि बौद्धिक अक्षमता येते. त्याचे प्रथिन वेळेचे काम पाहते : गर्भातल्या मूळपेशींनी विभागत राहायचे की थांबून चेतापेशी व्हायचे, हे ठरण्यात त्याचा हात असतो. मूळपेशी लवकर थांबल्या तर पुढे पेशी घडवायला भांडवलच अपुरे पडते.

मग हेच ते बुद्धीचे जनुक, असे म्हणून मोकळे का होऊ नये? पुरावा तसे म्हणू देत नाही. केवळ हेच जनुक वाढवलेल्या काही उंदरांत मेंदूचे वजन घटण्याऐवजी वाढलेले आढळले, म्हणजे डाउन सिंड्रोमच्या अगदी उलट. अनेक जनुकांच्या तीन प्रती असलेल्या उंदरांत या एकाची मात्रा पुन्हा दोनवर आणली तर काही दोष सुधारतात, सगळे नाहीत. गुणसूत्राच्या एका छोट्या ‘निर्णायक पट्ट्यात’ सारे कारण दडले आहे, ही कल्पनाही अशीच मागे पडली. २००४ मध्ये तेवढ्याच पट्ट्याच्या तीन प्रती केलेल्या उंदरांत अपेक्षित लक्षणे उमटली नाहीत. पट्टा निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नव्हे. तो शेजाऱ्यांच्या संगतीनेच परिणाम घडवतो, एवढेच. ऑलिग-१ आणि ऑलिग-२ या जनुकांच्या जादा प्रतींमुळे उंदरांत मेंदूला आवर घालणाऱ्या पेशी जास्त होतात; तो आवर सैल करणाऱ्या औषधांनी २००७ मध्ये उंदरांची स्मृती सुधारली. त्याच तर्कावर माणसांत तपासलेले बासमिसानिल हे औषध मात्र २०१६ मध्ये निष्फळ ठरले. डीवायआरके१ए दाबणाऱ्या हिरव्या चहातल्या द्रव्याची बार्सिलोनातली चाचणीही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली, तिच्यात हाती आलेला फायदा माफकच होता. शिवाय या कामातल्या सर्वाधिक वापराच्या उंदराच्या अंगात एकविसाव्या गुणसूत्राशी संबंधच नसलेल्या काही जनुकांच्याही तीन प्रती आहेत. हा दोष छोटा नाही.

मात्रेच्या या स्पष्टीकरणावरचा एक आक्षेप अधिक टोकदार आहे. जादा गुणसूत्र सर्वांकडे आहे, तर क्षमतांत एवढी तफावत का? कारण उरलेल्या बावीस जोड्या प्रत्येकाच्या वेगळ्या आहेत, जादा गुणसूत्रातले बारीक भेदही वेगळे आहेत आणि त्याच मात्रेचा परिणाम त्या सगळ्यांतून गाळून येतो. त्यातही एक आराखडा ठळक राहतो. ‘निळी वाटी खालच्या फळीवर ठेव’ एवढे ऐकून मूल वाटी बरोबर जागी ठेवते, पण तेच स्वतः सांगताना ‘वाटी, खाली’ एवढ्यावर येते. समज पुढे, बोलणे मागे. ठोकळ्यांची मांडणी डोळ्यांनी लक्षात राहते, ऐकलेल्या आकड्यांची माळ लवकर तुटते. यात कानाचे दुखणे, थायरॉइडची कमतरता, झोपेत श्वास अडणे असेही वाटेकरी असतात. गुणसूत्र बदलता येत नाही, हे मात्र तपासता येतात आणि त्यांवर उपचारही करता येतात. एखाद्या मुलाला नीट ऐकूच येत नसेल तर त्याच्या मंद बोलण्याचा सारा दोष जनुकांवर ढकलणे हा आळस होय.

उतारवयात चित्र बदलते आणि एक जनुक स्पष्टपणे पुढे येते. एपीपी हे अमायलॉइडच्या पूर्वप्रथिनाचे जनुक याच गुणसूत्रावर आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत चाळिशीपर्यंत अल्झायमरची खूण, म्हणजे अमायलॉइडचे चट्टे आणि गाठी, आढळते. १९९८ मध्ये नोंदलेल्या एका ७८ वर्षांच्या स्त्रीकडे गुणसूत्राचा जादा भाग होता, पण एपीपी त्यात नव्हते. तिच्या मेंदूत अल्झायमर नव्हता. २००६ मध्ये याच्या उलट घराणी फ्रान्समध्ये सापडली : फक्त एपीपीच्या तीन प्रती, अल्झायमर अकाली, डाउन सिंड्रोम मात्र नाही. बालपणीचे आकलन अनेक जनुकांच्या मापांत विखुरलेले आहे आणि म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश मोठ्या प्रमाणात एकाच्या मापाशी बांधलेला आहे, हा भेद या दोन नोंदींनी उघड केला. म्हणून एका औषधाने काम होण्याची आशा दुसऱ्या बाबतीत वाजवी, पहिल्यात भाबडी ठरते. तिथेही घाई नको. अमायलॉइड उपसणाऱ्या लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, पण त्याच्या मुख्य चाचण्यांत डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्ती नव्हत्या. या व्यक्तींच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही अमायलॉइड अधिक साचतो, आणि अशा वाहिन्यांतून या औषधाने रक्तस्राव होण्याची भीती जास्त असते.