चिंध्या, कामट्या आणि चांदणी

वेरूळला लेणी पाहायला निघाले, की दौलताबाद मागे पडल्यावर, खुलताबादच्या अलीकडे कागजीपुरा लागतो. महंमद तुघलकाने 1327 साली राजधानी दौलताबादेस आणली, तेव्हा तिच्यामागोमाग कागद करणारे आले, असे तेथे सांगतात. चिंध्या कुटायच्या, लगदा पाण्यात कालवायचा, त्याचा कागद उचलायचा. टाकाऊतून उभी राहिलेली ही विद्या! सहलीच्या मुलांना मी ते गाव बसच्या खिडकीतूनच दाखवीत आलो, ही चूकच.

त्याची आठवण करून दिली एका ख्रिस्ती विद्यार्थ्याने. दिवाळीनंतर शाळेचा फाटका आकाशकंदील आम्ही उतरवीत होतो. "गुरुजी, कामट्या टाकू नका. नाताळला चांदणी करीन." पाच कामट्यांची एक चांदणी, तशीच दुसरी, दोहोंची टोके बांधायची आणि कामट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे मधे बोटभर काड्या उभ्या करायच्या, की पोट फुगते. वर पतंगाचा कागद, मैद्याची खळ. खर्च काय तो कागदाचा.

कुतूहलाने शोधले, तर कागदी चांदणीचे एक घराणे जर्मनीत सापडले. निस्की गावच्या मोराव्हियन पंथाच्या शाळेत, 1830 नंतरच्या दशकात, चक्क भूमितीच्या तासाला मुलांनी ती केली. दूरदेशीच्या मिशनऱ्यांची मुले तिथे शिकत. विक्रीला ती आली 1880 च्या सुमारास, पीटर वर्बेकमुळे. म्हणजे हातची आधी, विकतची मागून!

आमच्या पठ्ठ्याची चांदणी मात्र एका बाजूस कलली. भूमिती मीच शिकवतो; बोलणार काय?