भिवंडी–वाडा रस्ता आणि आपण

धामणकर नाक्यावर उभे राहिले की वाहनांच्या गोंगाटापलीकडे काही ऐकू येत नाही. पण नदीनाक्याला कामवारी ओलांडली, शेलार आणि अनगाव मागे पडले की चित्र बदलते. भाताची खाचरे, टेकड्यांवर साग. अंबाडीनंतर तानसा नदी, मग कुडूस, वाडा. आणि सुमारे ६४ किलोमीटरनंतर मनोरला हा राज्यमार्ग मुंबई–अहमदाबाद महामार्गाला मिळतो. पावसाळ्यात हा रस्ता डोळे निववतो.

या रस्त्याचा इतिहास आपल्याच घरातला आहे. १८५४ मध्ये आगगाडी ठाण्याहून कल्याणला पोहोचली आणि भिवंडी बाजूला राहिली. वाड्याकडचा तांदूळ व लाकूड बैलगाड्यांतून भिवंडीत येई आणि खाडीतून होड्यांनी मुंबईकडे जाई. या व्यापारात कोकणी मुसलमान पुढे होते. १८५७ नंतर उत्तरेतून मोमीन विणकर आले, पुढे यंत्रमाग आले आणि शहराची ओळख कापडावर स्थिरावली. वाड्याकडचे जुने नाते हळूहळू विस्मरणात गेले.

भिवंडीचे नाव निघाले की लोकांना १९७० आणि १९८४ च्या दंगली आठवतात. त्या जखमा खऱ्या आहेत, त्यांची नोंद आपण ठेवलीच पाहिजे. पण इतिहास म्हणजे केवळ आपल्यावर काय गुदरले याची यादी नव्हे. याच जंगलपट्ट्यातल्या आदिवासींची वेठ, त्यांची तुटपुंजी मजुरी, जंगल ठेकेदारांची पिळवणूक सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालात नोंदली गेली. १९४५ मध्ये डहाणू–उंबरगावच्या वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या साथीने वेठीविरुद्ध उठाव केला. लाकडाच्या धंद्यात आपलीही माणसे होती. मग त्या लाकडाच्या किमतीत कोणाचा घाम होता, हे आपण कधी विचारले?

२०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला आणि वाडा ठाण्यापासून वेगळा झाला. रस्ता रुंदावला, टोल आला, गेला. खड्डे मात्र राहिले. त्या खड्ड्यांतून वाड्याचा आदिवासी मजूर, कुडूसचा दुकानदार आणि भिवंडीचा ट्रकचालक सारखेच हेलकावे खातात. बैलगाड्यांच्या काळात हा रस्ता दोन टोकांना जोडत होता, पण तोलत नव्हता. आपल्या मुलांना हा इतिहास सांगताना त्यातली जमेची बाजू सांगू, तशी देण्याचीही सांगू. न्याय मागणाऱ्याने आपला हिशेब चोख ठेवावा.