नांदेड व लातूर : निजामकालीन जिल्हा प्रशासन

गोदावरी व मांजरा या नद्यांच्या खोऱ्यांतील आजचे नांदेड आणि लातूर हे जिल्हे सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या काळी नांदेड हे जिल्ह्याचे ठाणे होते. लातूर नावाचा जिल्हा मात्र नव्हता. लातूर व औसा हा भाग नळदुर्ग (पुढे उस्मानाबाद) जिल्ह्यात मोडत असे, तर उदगीर, अहमदपूर व निलंगा बीदर जिल्ह्यात. नळदुर्गचा अल्पकाळ वगळता येथे ब्रिटिशांचा थेट अंमल नव्हता. तरीही येथील महसूल, मोजणी, फौज आणि व्यापार यांवर ब्रिटिश सत्तेचा दाब सतत राहिला. म्हणून हा प्रदेश अप्रत्यक्ष वसाहती राज्यकारभाराचे उदाहरण ठरतो.

१७९८ व १८०० च्या तहांनी निजामाने ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज स्वीकारली. त्यानंतर ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली ‘हैदराबाद कंटिंजंट’ ही वेगळी फौज उभी राहिली. तिचा खर्च निजामावर होता आणि तिच्या छावण्या हिंगोली, मोमिनाबाद (अंबाजोगाई) अशा ठिकाणी होत्या. हदगाव भागातील हटकरांचे पुढारी नौसाजी नाईक यांची गढी १८१९ मध्ये निजामाच्या याच फौजेने वेढा घालून घेतली. या काळात वसुलाची व्यवस्था मक्त्याची होती. सरकारला ठरलेली रक्कम आगाऊ देणारा मक्तेदार ती रयतेकडून दामदुपटीने काढी. सावकार, अरब व रोहिले यांचे देणे थकले की महालच त्यांच्याकडे गहाण पडत. या व्यवस्थेत सरकारला उत्पन्नाचा नेमका अंदाज नव्हता आणि कुणब्याला आपण किती देणे लागतो हे ठाऊक नव्हते. दोहोंपैकी जास्त नुकसान कुणब्याचे झाले.

कंटिंजंटच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग (धाराशिव) हे प्रदेश कंपनीकडे गेले. नळदुर्गचा कारभार मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे होता. त्याने तेथे जमिनीची मोजणी आणि रस्त्यांची कामे हाती घेतली. १८५७ च्या उठावात निजाम ब्रिटिशांच्या बाजूने राहिला. त्यानंतर १८६० च्या तहाने नळदुर्ग व रायचूर दुआब त्याला परत मिळाले.

संस्थानाच्या कारभाराची नवी घडी पहिला सालारजंग याने बसवली. १८५३ पासून १८८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो दिवाण होता. १८६५ च्या सुमारास त्याने जिल्हाबंदी अमलात आणली आणि मक्ते मोडून पगारी अधिकारी नेमले. कलेक्टरच्या जागी अव्वल तालुकदार आला. त्याच्या हाताखाली दुय्यम व सोयम तालुकदार, तालुक्याला तहसीलदार, पोलिसांवर मोहतमीम व अमीन, आणि अनेक जिल्ह्यांच्या वर सुभेदार अशी उतरंड होती. तालुकदाराकडे वसुलीबरोबर फौजदारी अधिकारही असत. न्यायखाते महसुलापासून वेगळे झाले ते १९२० च्या दशकाच्या आरंभी. देशमुख-देशपांडे यांचे वसुलीचे काम काढून घेऊन त्यांना रोख ‘रुसूम’ बांधून देण्यात आला. गावपातळीवर मात्र पाटील व पटवारी कायम राहिले. त्यामुळे हैदराबादचा हुकूम रयतेपर्यंत पोहोचे तो त्यांच्याच तोंडून. मोजणी आणि साऱ्याची आकारणी मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीवर बेतलेली होती. हा साचा ब्रिटिश हद्दीतून उचललेला असला, तरी आतील बंदोबस्त मोगलाईचाच राहिला.

ही घडी लागू होती ती फक्त दिवाणी, म्हणजे खालसा मुलखाला. त्याच्या जोडीला निजामाच्या खाजगी मालकीचा सर्फ-ए-खास मुलूख होता, पायगा उमरावांच्या जहागिरी होत्या, लहान जहागीरदार, इनामदार व मक्तेदारही होते. एका शिवारातून दुसऱ्यात पाऊल टाकले की सारा घेणारा धनी, दाद मागण्याची कचेरी आणि कधी कधी पोलीसही बदलत. खालशातील कुणब्याकडे पावती व मोजणीचा नकाशा असे. पलीकडच्या जहागिरीत धाऱ्याखेरीज नाना पट्ट्या आणि वेठबिगार चाले, आणि जहागीरदाराचा कारकून सांगेल तोच हिशेब असे. सालारजंगाच्या सुधारणांचे मोल मोठे आहे, परंतु ज्या गावांपर्यंत त्या पोहोचल्याच नाहीत, त्यांचा अनुभव वगळून या प्रदेशाचा इतिहास लिहिता येत नाही.

कारभाराची भाषा आधी फारसी आणि १८८० च्या दशकापासून उर्दू होती. नांदेड, कंधार, बिलोली या तालुक्यांत लोक बहुतांशी मराठी बोलत, तर पूर्वेच्या कडेला तेलुगू आणि दक्षिणेकडे कन्नड. तहसिलीची नोटीस उर्दूत येई आणि ती वाचून घेण्यासाठी पटवाऱ्याकडे वा अर्जनविसाकडे जावे लागे. कागदावर साल फसली असे. हे सन ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्याने सुरू होई. सारा हाली शिक्क्याच्या नाण्यात भरावा लागे. व्यापार मात्र कलदार, म्हणजे ब्रिटिश रुपयात असे, आणि शंभर कलदारांना साधारण ११६ हाली मोजावे लागत.

हद्दीवर करोडगिरीची, म्हणजे जकातीची नाकी होती. १८०२ च्या व्यापारी तहाने शेकडा ५ जकात ठरली होती. बार्शी हा ब्रिटिश सोलापूर जिल्ह्यातला तालुका आणि लातूर ही हद्दीपलीकडची संस्थानी पेठ, त्यामुळे या सीमेवरची उलाढाल मोठी होती. बार्शी लाईट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत आली. १९०१ मध्ये सुमारे १० हजार वस्तीचे हे गाव त्यानंतर कापूस, धान्य व गळिताचा मोठा बाजार बनले. १९१७ मध्ये येथे गंजगोलाई बांधली गेली. मधोमध वर्तुळाकार दुमजली इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते अशी तिची रचना असून तिचा आराखडा नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा होता. नांदेडला त्याआधीच, १९०० च्या सुमारास, हैदराबाद–मनमाड ही गोदावरी खोऱ्यातील रेल्वे पोहोचली होती. पुढे तेथे उस्मानशाही मिल उभी राहिली.

रयतेला या कारभारात निवडून दिलेला आवाज नव्हता. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेच्या वेळीच बंदी आली. तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी त्याआधी हिप्परगा व मोमिनाबाद येथील शाळांत शिक्षक म्हणून काम केले होते. दुसऱ्या महायुद्धापासून धान्याची सक्तीची लेव्ही आली आणि असंतोष घरोघर पोहोचला. १९४६ मध्ये बिलोली भागात स्वातंत्र्यसैनिक गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. संस्थान भारतात विलीन व्हावे यासाठीच्या १९४७-४८ च्या लढ्यात करोडगिरीची नाकी जाळणे, आबकारीचे उत्पन्न बुडवण्यासाठी शिंदीची झाडे तोडणे आणि उमरी येथील बँकेची लूट हे मार्ग निवडले गेले. लढ्याचा रोख तिजोरीकडे होता. दुसऱ्या बाजूला निजामसमर्थक रझाकारांनी गावोगाव अत्याचार केले. त्यांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील होता.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या भारत सरकारच्या पोलीस कारवाईने निजामाची सत्ता संपली. त्यानंतर मुसलमान रयतेवर झालेल्या हिंसाचाराची पाहणी सुंदरलाल समितीने केली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचे तिने नोंदवले. संस्थानभरातील मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता.

फेब्रुवारी १९४९ मध्ये सर्फ-ए-खास मुलूख दिवाणीत विलीन झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जहागिरी रद्द झाल्या. १९५० च्या कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले. १ नोव्हेंबर १९५६ च्या पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला. नांदेडमधून मुधोळ तालुका तसेच देगलूरचा बिचकुंदा-जुक्कल भाग आंध्र प्रदेशात गेला आणि आदिलाबादमधून किनवट आला. उदगीर, अहमदपूर व निलंगा बीदरमधून उस्मानाबादला जोडले गेले. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादचे विभाजन होऊन लातूर जिल्हा झाला.

निजामकाळातील सेतवार, मुंतखब आणि त्यानंतरचे खासरा पाहणी पत्रक मराठवाड्यातील जमिनीच्या दाव्यांत आजही दाखल होतात. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निजामकालीन दफ्तरे तपासली, तेव्हा उर्दू व फारसी वाचणाऱ्या जाणकारांची गरज पुन्हा पडली.