रामन यांचा मृदंग आणि शाईचे गणित

२८ फेब्रुवारी जवळ आला की रामन यांच्याविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि ते बहुतेक सगळे प्रकाशाविषयी असते. ते योग्यच आहे; राष्ट्रीय विज्ञान दिन १९२८ सालच्या त्या शोधाचाच आहे. परंतु त्याआधीची कित्येक वर्षे रामन यांचे मन तारा, गज आणि चामडे यांच्या कंपनांत रमले होते. १९२७ साली ‘हांडबुख डेर फिझिक’ या जर्मन ग्रंथमालेत वाद्यांवरचे प्रकरण त्यांनी लिहिले, ते या कामाच्या बळावर. त्यातला एक धागा पुढे बंगळुरूला आला आणि येथेच पुरा झाला. आज त्याविषयी.

प्रश्न साधा आहे. ताणलेली तार छेडली की मूलस्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे अधिस्वर उमटतात. पूर्णांकांच्या या नात्यामुळे कान त्या सगळ्यांना मिळून एकच सूर मानतो. गोल पडद्याचे तसे नाही. सर्वत्र सारख्या जाडीच्या पडद्याची गणिते बेसेल फलनांनी सुटतात आणि वारंवारतांची गुणोत्तरे येतात ती अशी: १, १.५९, २.१४, २.३०, २.६५, २.९२, ३.१६, ३.५०, ३.६०. यांत पूर्णांकी नाते कोठेच नाही. म्हणून ढोल घुमतो, दणाणतो, पण गाता गळा त्याच्याशी सूर जुळवू पाहत नाही. मग तबला षड्जाला लावता येतो, तो कसा?

रामन आणि शिवकाली कुमार यांनी जानेवारी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये छोटेसे टिपण लिहून याचे उत्तर दिले. पुडीच्या मधोमध असलेली काळी शाई या पडद्याचे अधिस्वर पूर्णांकी करून टाकते. रामन तेव्हा कलकत्त्याला होते. १९३३ साली ते भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून बंगळुरूला आले, पुढच्याच वर्षी त्यांनी भारतीय विज्ञान अकादमी स्थापन केली आणि अकादमीच्या ‘प्रोसीडिंग्ज’च्या पहिल्याच खंडात भारतीय चर्मवाद्यांवर सविस्तर निबंध दिला. प्रकाशासाठी नोबेल मिळून चार वर्षे झालेला शास्त्रज्ञ नव्या नियतकालिकात मृदंगावर लिहितो, याचे मला अजूनही कौतुक वाटते.

प्रयोग कोणालाही समजावा असा होता. पुडीवर बारीक वाळू भुरभुरायची, बोटे ठरावीक जागी अलगद टेकवायची आणि आघात करायचा. पडदा जेथे हलत नाही त्या निस्पंद रेषांवर वाळू गोळा होते; तिची छायाचित्रे घ्यायची. तबलजी ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या कडेला टेकवतो, ते हेच. येथे इंदिरानगरात तबल्याच्या शिकवणीला जाणारी मुले पहिल्या काही आठवड्यांतच ते शिकतात. त्या बोटाखाली निस्पंद रेषा पडते आणि जी कंपने तेथे स्थिर राहू शकत नाहीत ती विझतात.

रामन यांना दिसले ते असे. वर दिलेली नऊ कंपने शाई लावलेल्या पुडीवर पाच स्वरांत गोळा होतात. पहिले आणि दुसरे एकेकटेच राहते. तिसऱ्या स्वरावर दोन कंपने येतात, चौथ्यावर दोन आणि पाचव्यावर तीन. म्हणजे २.१४ आणि २.३० हे दोघेही सरकून ३ वर येतात. मधला भाग जड झाला की ज्या कंपनात मध्य सर्वाधिक हलतो ते, म्हणजे मूलस्वर, सर्वाधिक मंदावते; ज्याची निस्पंद रेषा मध्यातून जाते त्याला ओझे कमी जाणवते. त्यामुळे १ आणि १.५९ मधले अंतर वाढून १ आणि २ होते.

मात्र शाई नेमकी किती रुंद आणि किती जड असावी, हे वाळूतून कळत नाही. ते गणित बी. एस. रामकृष्ण आणि मनमोहन सोंधी यांनी याच विज्ञान संस्थेत केले आणि १९५४ साली प्रसिद्ध केले. त्यांनी पुडीला दोन घनतांचा पडदा मानले. शाईची त्रिज्या पुडीच्या सुमारे ०.४ पट आणि तेथील घनता काठाच्या सुमारे दहापट धरली, तर अधिस्वर पूर्णांकांच्या अगदी जवळ येतात. डग्ग्याची शाई मध्यावरून सरकलेली असते, तेथे हे सोपे वर्तुळी गणित चालत नाही; रामकृष्ण यांनी १९५७ मध्ये तेही हाताळले.

या दिवसांत ‘आपल्या पूर्वजांना बेसेल फलने ठाऊक होती’ अशा अर्थाचे संदेश फिरतात. नव्हती. खळीत लोखंडाची भुकटी कालवून थरावर थर चढवणारा, प्रत्येक थर दगडाने घोटून त्याला बारीक तडे पाडणारा आणि दर वेळी वाजवून ऐकणारा कारागीर समीकरण सोडवत नव्हता. तो कानाने उत्तर तपासत होता, आणि उत्तर बरोबर येईपर्यंत थांबत नव्हता. गणिती मांडणीत शाईला एकच एक घनता दिली जाते. प्रत्यक्षात ती मध्याकडे जाड आणि कडेला पातळ असते, आणि त्या तड्यांमुळेच ती जड असूनही ताठर होत नाही. यातले बरेचसे बारकावे कारागिराच्या हातात आधी होते, शोधनिबंधांत नंतर आले.

सोंधी पुढे अमेरिकेत गेले आणि १९६२ पासून बेल प्रयोगशाळेत होते. दूरध्वनीतील प्रतिध्वनी पुसण्याच्या तंत्रासाठी त्यांचे नाव आहे. परंतु त्यांनी कंठनलिकेच्या ध्वनिशास्त्रावर आणि अंतर्कर्णातील शंखिकेच्या गणितावरही काम केले. शंखिकेत सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचा एक पडदा असतो. तोही एकसारखा नसतो: प्रवेशद्वाराशी अरुंद आणि ताठ, आतल्या टोकाला रुंद आणि सैल. ध्वनी आत आला की त्यावरून लाट धावते. तार स्वर दाराशीच शिखर गाठतात, खर्ज आतवर जातात. ही लाट प्रत्यक्ष पाहिल्याबद्दल बेकेशी यांना १९६१ चे नोबेल मिळाले. सोंधींनी १९७० च्या दशकात गणिताने तिचा माग काढला, तेव्हा त्यांच्यापुढे पुन्हा एक असमान पडदाच होता. फरक इतकाच की पहिला पडदा सूर काढत होता आणि हा तो ऐकत होता.