जोहडांचा जीर्णोद्धार

मोठ्या धरणांचा इतिहास कागदोपत्री सुरक्षित असतो. त्यांचे नकाशे, अंदाजपत्रके आणि उद्घाटनप्रसंगीची भाषणे सरकारी दप्तरात जपून ठेविलेली असतात. उलट, एखाद्या खेड्यातील चाळीस-पन्नास माणसांनी ऐन उन्हाळ्यात खपून घातलेल्या मातीच्या बांधाची नोंद बहुधा कोठेही होत नाही. त्या कामाला लागलेले धान्य खाऊन संपते, घमेली-फावडी झिजून जातात, आणि बांध तेवढा मागे राहतो. तथापि अशा नोंद नसलेल्या लहान कामांनी एखाद्या प्रदेशाचे भाग्य पालटल्याची उदाहरणे आहेत. राजस्थानातील अलवर जिल्ह्यात १९८५ नंतर जे घडले ते त्यांपैकी एक होय. काही तरुणांच्या हाती आलेले अल्प साहाय्य कोठे खर्च झाले, आणि ते संपल्यावर मागे काय उरले, हे तेथे स्पष्ट पाहावयास मिळते.

अलवरचा दक्षिण भाग अरवलीच्या जुन्या, झिजलेल्या डोंगरांनी व्यापलेला आहे. पाऊस बेताचा, तोही पावसाळ्याच्या थोड्या दिवसांत कोसळून जाणारा. उतारावरून धावत सुटलेले हे पाणी अडविण्यासाठी तेथील लोकांनी फार पूर्वीपासून जी युक्ती योजली तिला ‘जोहड’ म्हणतात. उताराच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती मातीची पाळ घालावयाची, वरची बाजू मोकळी ठेवावयाची, आणि जास्तीचे पाणी वाहून जाण्यासाठी एका कडेला सांडवा सोडावयाचा, इतकीच त्याची रचना. महाराष्ट्रातील पाझर तलावाशी त्याचे जवळचे नाते आहे. जोहडात साठलेले पाणी काही दिवस गुरांना उपयोगी पडते; परंतु त्याचे मुख्य कार्य डोळ्यांना दिसत नाही. ते पाणी हळूहळू जमिनीत मुरते आणि खालच्या शिवारातील विहिरींतून पुन्हा प्रकट होते. पाणी ओसरल्यावर तळाशी जो गाळाचा ओलावा उरतो त्यावर एखादे पीकही निघते.

ही व्यवस्था टिकविण्यास दोन गोष्टी आवश्यक होत्या. डोंगरावर झाडी असावी, म्हणजे माती वाहून जोहड भरून जाऊ नये. आणि साचलेला गाळ दरवर्षी काढण्यासाठी गावाने एकत्र यावे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या दोन्ही गोष्टी ढासळल्या. संस्थानी अमलाच्या अखेरच्या काळात डोंगरांवरील जंगलाची मोठ्या प्रमाणावर तोड झाली. पुढे पाणी देणे हे सरकारचे काम, अशी समजूत दृढ होत गेली. आणि जे काम सरकारचे, ते आपले नव्हे, असा त्याचा अर्थ गावोगावी केला गेला. जोहड गाळाने भरले, पाळी फुटल्या. सुमारे १९८५ च्या सुमारास ठाणागाझी तहसिलातील भूजलाची स्थिती इतकी खालावली होती की सरकारी वर्गीकरणात तो भाग ‘डार्क झोन’ ठरला होता. विहिरी कोरड्या पडल्या, धडधाकट पुरुष मजुरीसाठी दिल्ली-अहमदाबादेकडे निघून गेले, आणि गावात स्त्रिया, मुले व वृद्ध तेवढे राहिले.

अशा या मुलखात १९८५ च्या २ ऑक्टोबर रोजी पाच तरुण बसमधून उतरले. ‘तरुण भारत संघ’ या जयपूरच्या छोट्याशा संस्थेचे ते कार्यकर्ते होते. त्यांचे प्रमुख राजेंद्र सिंह हे त्या वेळी २६ वर्षांचे होते. जयपूरची नोकरी सोडून आणि घरातील चीजवस्तू विकून ते निघाले होते. त्या विक्रीतून आलेले सुमारे २३,००० रुपये हेच काय ते त्यांचे भांडवल होते, असे सांगितले जाते. गावकऱ्यांनी त्यांचे स्वागत केले असे नाही. दाढीवाले, अनोळखी तरुण खेड्यात कशासाठी आले, याविषयी प्रथम संशयच होता. राजेंद्र सिंह आयुर्वेद शिकलेले असल्यामुळे त्यांनी रोग्यांवर उपचार सुरू केले. सोबत मुलांना शिकविण्याचा विचार होता.

परंतु गोपालपुरा गावातील एका वृद्ध शेतकऱ्याने त्यांना स्पष्ट बजावले की, गावाला औषध नको, शाळाही तूर्त नको. गावाला पाणी हवे आहे. पाणी कसे आणावयाचे हे ठाऊक नसेल तर तेही आपण दाखवू. तुम्ही फक्त कुदळ हाती घ्यावी. हा प्रसंग या इतिहासाचा आरंभबिंदू समजावयास हरकत नाही. शहरातून आलेले सुशिक्षित तरुण काय द्यावयाचे हे ठरवून आले होते. काय घ्यावयाचे हे गावाने ठरविले. सोबत्यांपैकी काहींना हे मातीकाम मानवले नाही व ते परत गेले. जे राहिले त्यांनी गाळाने भरलेला जुना जोहड उपसावयास घेतला.

कामाचा आरंभ झाला तरी एक अडचण होती. दुष्काळात रोजची मजुरी सोडून जोहडावर राबणाऱ्या कुटुंबाने खावे काय? येथे बाहेरच्या साहाय्याची गरज भासली. ‘कासा’ या ख्रिस्ती सेवासंस्थेने कामाच्या मोबदल्यात देण्यासाठी धान्य पुरविले. यंत्रे नव्हेत, सिमेंट नव्हे, पगारी अभियंतेही नव्हेत, नुसते धान्य. त्या धान्याने कोणी श्रीमंत होणे शक्य नव्हते; परंतु कामावर आलेल्या माणसाच्या घरची चूल पेटत राहिली, आणि उन्हाळ्याचे जे महिने परमुलखी मजुरीत गेले असते ते गावाच्या कामी आले. १९८६ च्या पावसाळ्यानंतर गोपालपुऱ्याच्या कोरड्या विहिरींत पाणी दिसू लागले. शेजारच्या गावांनी ते येऊन पाहिले. त्या काळी एखाद्या वृत्तपत्राने केली नसती एवढी प्रसिद्धी त्या भरलेल्या विहिरींनी केली.

पुढे अन्य संस्थांकडूनही संघास साहाय्य मिळू लागले. तथापि ते वाटण्याची जी रीत त्यांनी घालून घेतली ती ध्यानात घेण्याजोगी आहे. जोहड कोठे व्हावा, पाळ किती उंच असावी आणि सांडवा कोणत्या अंगाला काढावा, हे गावाच्या सभेत ठरे. गावातील वृद्धांना पाण्याच्या वाटा पाठ असत. त्यांचे म्हणणे नकाशाहून अधिक प्रमाण मानले जाई. खर्चाचा काही हिस्सा गावाने श्रम, दगड, माती अथवा पैसा या रूपाने उचललाच पाहिजे, असा दंडक होता. पुष्कळ ठिकाणी गावाचा वाटा बाहेरच्या मदतीहून अधिक भरे. यातील मर्म असे की मदत मुळातच अपुरी होती. ती पुरी असती, तर गाव बाजूला उभे राहून काम पाहत बसले असते. अपुरी असल्यामुळे उरलेली उणीव गावाला स्वतः भरून काढावी लागली. आणि ज्याने उणीव भरून काढली त्याला ती वस्तू आपली वाटू लागली. पुढील वर्षी गाळ काढावयास कोणाला बोलावणे पाठवावे लागले नाही.

लोकांनी स्वतःच्या हातांनी पाणी अडविले, तेव्हा ते पाणी कोणाचे, हा प्रश्न उपस्थित होणे अपरिहार्य होते. १९८७ मध्ये पाटबंधारे खात्याने गोपालपुऱ्याचा बांध बेकायदा असल्याची नोटीस काढली. १९५४ च्या राजस्थानच्या कायद्याअन्वये नैसर्गिक प्रवाहाला अडथळा करण्यास खात्याची परवानगी आवश्यक होती. कायद्याच्या अक्षरावर बोट ठेविले तर खात्याची बाजू निराधार नव्हती. परवानगीवाचून कोणीही कोठेही बांध घालू लागला तर खालच्या गावांनी काय करावे, ही शंकाही अप्रस्तुत नव्हती. परंतु ज्या प्रवाहाकडे वर्षानुवर्षे कोणी ढुंकून पाहिले नव्हते तो अडविल्यावर मात्र कायदा जागा झाला, हे गावकऱ्यांना पटण्यासारखे नव्हते. ते आपल्या बांधाच्या पाठीशी उभे राहिले. बांध पाडला गेला नाही.

या कामाचा सर्वांत नवलाचा परिणाम अरवरी नदीच्या खोऱ्यात दिसून आला. सुमारे ४५ किलोमीटर लांबीची ही नदी पावसाळ्यापुरती वाहून एरवी कोरडी पडे. तिच्या उगमाजवळील भांवता-कोल्याळा या वस्त्यांपासून खालपर्यंत गावोगावी जोहड आणि बांध झाले. त्यांची संख्या पुढे काही शतकांच्या घरात गेली.  हे बांध मुख्यतः नदीला मिळणाऱ्या लहानसहान ओघळींवर घातले होते. जमिनीत मुरलेले पाणी कालांतराने नदीच्या पात्रात झिरपू लागले, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अरवरी बारमाही वाहू लागली. यात बऱ्या पावसाच्या वर्षांचाही वाटा असणारच; परंतु पाऊस पूर्वीही पडत होता आणि वाहून जात होता, हेही विसरता येत नाही.

नदी वाहू लागताच तिच्यात मासे आले, आणि माशांमागोमाग ठेकेदार आला. १९९६ मध्ये सरकारने मासेमारीचा ठेका दिला. गावकऱ्यांनी त्यास विरोध केला. आज मासे गेले तर उद्या पाणी जाईल, ही त्यांची भीती होती. अखेर तो ठेका रद्द झाला. पण या झगड्यातून लोकांच्या लक्षात आले की सरकारला नको म्हणणे पुरेसे नाही. स्वतःलाही काही गोष्टी नको म्हणता आल्या पाहिजेत. म्हणून १९९९ च्या २६ जानेवारीस हमीरपुरा येथे खोऱ्यातील ७० गावांनी ‘अरवरी संसद’ स्थापिली. या संसदेला कायद्याचे पाठबळ नव्हते. लोकांचा शब्द हेच तिचे बळ होते. ऊस व भात यांसारखी तहानलेली पिके घेऊ नयेत, होळीपासून पावसाळा सुरू होईपर्यंत नदीतून थेट पाणी उपसू नये, डोंगरावरील हिरवी झाडे तोडू नयेत, असे नियम तिने केले. पाणी मिळविणाऱ्यांनी पाण्याच्या उपभोगावर आपणच मर्यादा घालून घ्यावी, हे जोहड बांधण्याहून कठीण काम होते.

या इतिहासाला उणी बाजू नाही असे नव्हे. २००१ मध्ये लावा का बास या गावी मोठा बांध घालण्यात आला, तेव्हा पाटबंधारे खात्याने पुन्हा हरकत घेतली. अलवर आणि भरतपूर या संस्थानांमधील पाणीवाटपाचा जुना करार पुढे करण्यात आला आणि बांध सुरक्षित नसल्याचेही सांगण्यात आले. लोकांनी बांध पाडू दिला नाही. परंतु २००३ च्या पावसात तो फुटला. लहान जोहडाला गावातील वृद्धाचा अनुभव पुरेसा होता. मोठ्या बांधाला तो पुरेसा असेलच असे नाही, हा धडा त्यातून मिळाला. तसेच, राजेंद्र सिंह यांना २००१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार आणि २०१५ मध्ये स्टॉकहोमचे जलपारितोषिक लाभले, तेव्हा प्रसिद्धीचा झोत स्वाभाविकच एका व्यक्तीवर पडला. माती वाहणाऱ्या हजारो स्त्री-पुरुषांची नावे मात्र कोठे लिहिली गेली नाहीत.

महाराष्ट्राला हा विचार अपरिचित नाही. ओढ्यानाल्यांना बांध घालून पाणी शिवारात मुरवावे, अशी मागणी जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात १८८३ सालीच केली होती. पुढे अहमदनगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९८९ च्या सुमारास गावातील तरुणांनीच आग्रह धरून पोपटराव पवार या आपल्यातील पदवीधरास सरपंच केले, आणि १९९४ पासून आदर्श गाव योजनेचे साहाय्य घेऊन डोंगरावर चर खणले, बांध घातले. तेथेही पैसा सरकारचा होता, पण कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान हे नियम गावाचे होते. पडलेला पाऊस मोजून त्यावरून कोणती पिके घ्यावयाची हे ठरविण्याचा परिपाठ त्या गावाने पाडला. अलवरशी त्याचा संबंध नसताना दोन्हीकडे निष्कर्ष एकच निघाला, हे अर्थपूर्ण आहे.

जगातील मोठ्या संस्थांनाही हे तत्त्व कालांतराने मान्य करावे लागले. जागतिक पर्यावरण निधीने १९९२ मध्ये लघु अनुदानांचा एक स्वतंत्र कार्यक्रम आरंभिला. एका कामास मर्यादित रक्कमच द्यावयाची, आणि ती थेट स्थानिक मंडळांच्या हाती द्यावयाची, असे त्याचे स्वरूप आहे. रकमेची मर्यादा ही केवळ काटकसर नव्हे. लहान रक्कम फुकट गेली तरी हानी थोडी होते. म्हणून ती अनुभव नसलेल्या तरुणांच्या हाती विश्वासाने देता येते. मोठी रक्कम देताना दाता हिशेब, हमी आणि अधिकारी सोबत पाठवितो. लहान रक्कम देताना त्याला विश्वास पाठवावा लागतो.

गोपालपुऱ्याला आलेले ते धान्य केव्हाच संपले. किती पोती आली आणि किती घरांत वाटली गेली, हे आज कोणी फारसे विचारीत नाही. परंतु त्या धान्यावर जे उन्हाळे निभावले त्यांत गावाने आपले पाणी आपण ओळखण्यास शिकले. दान संपते, त्यातून उभी राहिलेली सवय टिकते. ज्या वर्षी गाव गाळ काढावयास एकत्र येणार नाही, त्या वर्षी जोहड पुन्हा भरून जाईल आणि कोणतेही अनुदान त्याला वाचवू शकणार नाही. अलवरच्या कामाचे यश म्हणूनच एकदा मिळवून ठेवण्याजोगे नाही. ते दर पावसाळ्यापूर्वी नव्याने मिळवावे लागते.