वाडीची वाट आणि बायकांचा प्रवास

मंडळी, पौर्णिमेच्या दिवशी नृसिंहवाडीला गेलात, तर घाटाच्या पायऱ्यांवर घटकाभर बसून पाहा. समोर कृष्णा-पंचगंगेचा संगम, मागे दत्तगुरूंच्या पादुकांचं मंदिर. गर्दीत तुम्हांला चार-चार, पाच-पाच जणींचे घोळके दिसतील. साठी उलटलेल्या बाया. एकीच्या पदराच्या गाठीला पैसे, दुसरीच्या पिशवीत प्रसाद, तिसरी कवठाच्या बर्फीचा भाव करते आहे. बरोबर मुलगा नाही, जावई नाही. एकमेकींचा हात धरून पायऱ्या उतरतात, आणि चुळकाभर पाणी डोळ्यांना लावून हसतात.

आपल्याला यात काही नवल वाटत नाही. पण हे चित्र इतकं साधं व्हायला फार काळ जावा लागला. त्याची हकिकत आज सांगायची आहे, आणि ती मोटरसायकलीपाशी येऊन थांबते.

जुन्या काळी बाईमाणसानं घरापासून लांब जायचं, तर एकच कारण सर्वांना पटे : तीर्थयात्रा. पहिल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली पुण्याहून उत्तरेच्या यात्रेला निघाल्या. उदयपूर, जयपूर, मथुरा, प्रयाग, काशी, गया अशी यात्रा करून १७३६ साली परत आल्या. वाटेत राजेरजवाड्यांनी त्यांचा मान राखला. पण त्या पेशव्यांच्या मातोश्री. त्यांच्यासोबत लवाजमा होता, पहारा होता आणि लेकाचा दरारा होता. गावातल्या साध्या बाईला यांतलं काय मिळणार? तिनं दोन पाय आणि बैलगाडी यांवरच भागवलं. बैल घरधन्याचे, सवडही त्याचीच. सुगी उरकली, गाडी मोकळी झाली, तर यात्रा. नाहीतर 'पुढच्या वर्षी बघू'.

१८९१ साली मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला, आणि वाडीची वाट थोडी जवळ आली. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, अशी पहिली एस.टी. धावली. हळूहळू लाल गाडी खेडोपाडी पोचली. आता बैल कुणाचे, हा प्रश्न उरला नाही. तिकिटाला पैसे कुणाचे, एवढाच उरला. तोही अलीकडे हलका झाला. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला, आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मं भाडं लागू झालं. घाटावरचे ते घोळके का दिसतात, याचं एक उत्तर इथं आहे.

तरीसुद्धा एक गोष्ट राहिलीच. गाडीत कुठं बसायचं ते बाई ठरवू लागली. पण गाडी कधी सुटेल, कुठं थांबेल, हे दुसऱ्याच्या हाती. घरच्या दुचाकीवर तर तिची जागा ठरलेली : मागची. एका अंगानं बसायचं, मांडीवर पिशवी, आणि नजर चालवणाऱ्याच्या पाठीवर. रस्ता दिसायचा तो निम्माच.

हा रिवाज कुणी मोडला? एखाद्या मोठ्या चळवळीनं नव्हे, एका लहानशा गाडीनं. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक कंपनीनं लुना काढली. पन्नास सी.सी.चं इंजिन, सायकलीसारखं पायडल, वजनाला हलकी. घरच्या थोरल्यांना ती सायकलीचीच बहीण वाटे, म्हणून विरोधही बेताचा. शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या नर्सबाई, कचेरीत जाणाऱ्या मुली तिच्यावर बसल्या. १९८४ साली कायनेटिक होंडा आली. तिला किक मारायला नको की गिअर बदलायला नको. बटण दाबलं की सुरू.

गुरुजी, आता एक हिशेब फळ्यावर मांडा. १९७२ साली जी मुलगी वीस वर्षांची होती, ती आज सत्तरी ओलांडून गेली. १९८४ साली जी वीस वर्षांची होती, तिनं साठी गाठली. म्हणजे आज पांढऱ्या केसांच्या तीन-चार मैत्रिणी हेल्मेट घालून लांबच्या वाटेला लागल्या, तर त्या म्हातारपणी भलतं काही शिकायला निघालेल्या नसतात. चाळीस-पन्नास वर्षं भाजी, शाळा, दवाखाना करताना जे हातात बसलं, तेच घेऊन त्या निघालेल्या असतात. आपण मात्र म्हणतो, 'आता या वयात काय हे!'

परदेशातलंही एक उदाहरण सांगतो. थेरेसा वॉलॅक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन या दोघी इंग्रज मैत्रिणी डिसेंबर १९३४ मध्ये लंडनहून मोटरसायकल घेऊन निघाल्या, सहारा वाळवंट ओलांडलं, आणि जुलै १९३५ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केपटाउनला पोचल्या. तेव्हा दोघीही तरुण होत्या. पण ऐका : वॉलॅकबाईंनी ऐंशीनंतरही मोटरसायकल सोडली नाही. आपल्याकडेही २०११ साली पुण्यात फक्त महिला मोटरसायकलस्वारांची 'बायकर्नी' ही संघटना उभी राहिली.

घरच्यांची काळजी मात्र खोटी नाही. शिरोळ तालुका उसाचा. गळीत हंगामात संध्याकाळी वाडीच्या रस्त्यानं या. मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात अंगावर येईपर्यंत दिसत नाही. गुडघे कुरकुरतात, नजर मंदावते. तेव्हा डोळे तपासून घ्यावेत, ब्रेक पाहावेत, दिवसाउजेडी मुक्काम गाठावा, आणि पावसाळ्यात वाडीच्या पाण्याचा अंदाज घ्यावा. पूर आला की देवाच्या पादुकाही पाण्याखाली जातात. उत्सवमूर्ती वरच्या जागी हलवावी लागते. माणसानंही थांबावं. पण ही सावधगिरी पंचविशीच्या पोरालाही लागू आहे. त्याला ती सांगून आपण जाऊ देतो. आईला मात्र तीच कारणं सांगून घरी बसवतो.

तेव्हा एक करा. आज रात्री जेवताना घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा, 'तुम्ही पहिल्यांदा एकट्यानं, घरच्या पुरुषाशिवाय, कुठं गेला होता?' शिक्षकांनी मुलांना हाच प्रश्न घरी विचारायला सांगावा आणि उत्तरं वहीत लिहून घ्यावीत. कुणाची आजी वाडीचं नाव घेईल, कुणाची पंढरपूरचं. आणि कुणी म्हणेल, 'कुठंच नाही रे बाळा.' ते उत्तरसुद्धा वहीत लिहा. आणि तिला विचारा, आता कुठं जावंसं वाटतं, आणि बरोबर कुणाला न्यायचं.